विश्लेषण : रत्नागिरीच्या डोंगरात निवांत सुट्टी कशी आखायची? महिना, वाट आणि मुक्काम यांचे गणित काय?

रत्नागिरी म्हटले की समुद्र, हापूस आणि गणपतीपुळे एवढेच बहुतेकांना आठवते. पण याच जिल्ह्याची पूर्वेकडची बाजू थेट सह्याद्रीच्या कड्यांना भिडलेली आहे. तिथे जाणारे बहुतेक जण एक तर पाठीवर सॅक टाकून गड सर करणारे ट्रेकर असतात किंवा पावसाळ्यात धबधब्याखाली भिजून संध्याकाळी परतणारे. आईवडील, मुले यांना घेऊन तीन-चार दिवस डोंगराच्या कुशीत राहावे, रोज थोडे चालावे, एखादे देऊळ किंवा गड पाहावा आणि दुपारी ओटीवर आडवे व्हावे, अशी सुट्टी इथे अजून कमीच जण घेतात. ती घेता येते, मात्र त्यासाठी आखणी थोडी वेगळी करावी लागते.

डोंगरातली रत्नागिरी नेमकी कुठे आहे?

जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. त्यातील खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा आणि राजापूर या पाच तालुक्यांची पूर्व सीमा सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागते. पायथ्याची बरीच गावे समुद्रसपाटीपासून शंभर-दोनशे मीटर उंचीवर आहेत, तर घाटमाथा सहाशे ते हजार मीटरच्या आसपास. म्हणजे काही किलोमीटरच्या अंतरात जमीन एकदम उभी राहते. साधारण हजार मीटर चढल्यावर तापमान साडेसहा अंशांनी उतरते, हे लक्षात घेतले तर घाटमाथ्यावरची थंडी आणि खाली चिपळूण-संगमेश्वरातला घाम यांचा उलगडा होतो.

या भिंतीतून वर जाणारे चार घाटरस्ते ठाऊक असले की जिल्ह्याचा नकाशा डोक्यात बसतो. खेडहून शिंदीकडे जाणारा रघुवीर घाट, चिपळूणहून कोयनानगर आणि कऱ्हाडकडे जाणारा कुंभार्ली घाट, साखरप्याहून कोल्हापूरकडे चढणारा आंबा घाट आणि राजापूरच्या बाजूचा अणस्कुरा घाट. चारही घाटांच्या पायथ्याशी मुक्काम करून फिरण्याजोगी गावे आहेत.

कोणता महिना निवडावा?

निवांत चालण्यासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पाऊस थांबलेला असतो, ओढ्यांना पाणी असते, भात कापणीला आलेला किंवा खळ्यावर असतो आणि हवा स्वच्छ असल्याने कडे लांबून दिसतात. सुरुवातीच्या आठवड्यांत सड्यांवर फुलेही असतात. दिवाळीची आणि नाताळची अशा शाळेच्या दोन्ही सुट्ट्या या काळात येतात, हा आणखी एक फायदा.

जुलै-ऑगस्टमधले डोंगर दिसायला सर्वांत सुंदर असतात आणि नेमके तेव्हाच ते सर्वांत बेभरवशाचे असतात. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै २०२१मध्ये चिपळूण शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवसांत खेड तालुक्यातील पोसरे येथे वस्तीवर दरड कोसळून १७ जणांचा जीव गेला. पावसाळ्यात रघुवीर घाटासारखे रस्ते आणि काही धबधबे पर्यटकांसाठी बंद ठेवण्याचे आदेश प्रशासन काढते, त्यामागे हा अनुभव आहे. वर डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील, तर पावसाळ्यात दुरून डोंगर पाहावेत आणि चालण्याचा बेत दिवाळीवर ढकलावा.

मे महिना का टाळावा?

एप्रिल-मेमध्ये उकाडा असतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण पाण्याचे आहे. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात याच जिल्ह्यातील डोंगरावरच्या वाड्या आणि धनगरवाडे टँकरची वाट पाहतात. उतार तीव्र असल्याने पाणी धावत समुद्राकडे निघून जाते आणि सच्छिद्र जांभा दगड ते फार काळ धरून ठेवत नाही. ज्या घरात दोन हंडे पाणी जपून वापरले जाते, तिथे मे महिन्यात चार पाहुण्यांनी दोन वेळा आंघोळ करणे यजमानांना जड जाते. त्यातच मुंबईकर चाकरमानी सुट्टीसाठी गावी आलेले असतात आणि घरे भरलेली असतात. मे महिन्यातच जायचे असेल, तर मुक्काम घाटमाथ्यावरच्या आंब्यासारख्या गावात करावा आणि खोली ठरवण्याआधी पाण्याची स्थिती विचारून घ्यावी.

अंतर किलोमीटरमध्ये का मोजू नये?

डोंगरातला बेत फसतो, तो बहुतेक वेळा इथेच. नकाशावर चार किलोमीटर दिसतात. शहरातला माणूस मनात म्हणतो, पाऊण तास लागेल. प्रत्यक्षात अडीच तास लागतात आणि जेवणाची वेळ टळून जाते.

यासाठी एक जुना आणि सोपा हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये तो मांडला. त्याचे आजचे रूप असे : सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास वाढवायचा. समजा, वाट चार किलोमीटरची आहे आणि चढ तीनशे मीटरचा. तर चालण्याची ४८ मिनिटे आणि चढाईची ३० मिनिटे मिळून ७८ मिनिटे झाली. पण हा हिशेब सवयीच्या, धडधाकट माणसाचा आणि तोही न थांबता चालण्याचा आहे. सोबत सत्तरीची आजी किंवा सात वर्षांचा नातू असेल तर तो सरळ दुप्पट करावा. म्हणजे जाण्यालाच अडीच तासांहून अधिक वेळ लागला. उतरताना दम लागत नाही, पण गुडघे बोलू लागतात, म्हणून परतीची वेळही फार कमी धरू नये.

स्वित्झर्लंडमध्ये डोंगरवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर पुढचे ठिकाण किती तासांवर आहे ते लिहिलेले असते. सह्याद्रीत अशा पाट्या नाहीत. त्यामुळे गावात किती किलोमीटर आहे हे विचारण्याऐवजी, गुरे घेऊन जायला किती वेळ लागतो, असे विचारावे. गावकरी आपल्या चालीने वेळ सांगतात. शहरातल्या पाहुण्याने ती दुप्पट धरावी.

दिवस कधी सुरू करावा?

सह्याद्रीची कोकण बाजू पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य डोंगराच्या मागून उगवतो, म्हणून पायथ्याच्या गावांत ऊन उशिरा पोहोचते. सकाळचे पहिले काही तास वाटेवर सावली असते. दुपारनंतर मात्र हाच उतार थेट उन्हात येतो आणि कातळ तापतो. देशावरच्या डोंगरात दुपारी पूर्वेकडच्या उतारावर सावली मिळते, तशी ती इथे मिळत नाही.

यावरून दिवसाची आखणी आपोआप ठरते. साडेसातच्या सुमारास चहा-नाश्ता करून निघावे, बाराच्या आत परत यावे, दुपारी जेवून विश्रांती घ्यावी आणि चारनंतर गाडीने एखादे देऊळ किंवा नदीकाठ पाहावा. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारून येते. म्हणून चालणे कितीही छोटे असले, तरी साडेचारनंतर नवी वाट धरू नये.

मुक्काम एकच का हवा?

चार दिवसांत चार ठिकाणी राहण्याचा बेत कागदावर भरगच्च दिसतो. पण रोज सामान बांधणे, अकराला खोली सोडणे, घाटातून दोन-तीन तास गाडीत बसणे आणि नव्या ठिकाणी जेवणाची चौकशी करणे यातच सकाळ जाते, आणि डोंगरात चालण्याची खरी वेळ सकाळचीच असते. एकाच गावात तीन रात्री राहिले की दुसऱ्या दिवसापासून वेळ हातात येतो. घरच्या बाईला कोणाला तिखट चालत नाही ते कळते, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी ताटात येऊ लागते. एखाद्याचे पाय दुखले तर तो मागे थांबू शकतो आणि बाकीच्यांचा बेत मोडत नाही.

साधा नियम असा : तीन रात्रींपर्यंत एक मुक्काम, पाच रात्रींपर्यंत फार तर दोन. रोज एकच चालणे आणि एकच पाहण्याचे ठिकाण.

चार दिवसांचा बेत कसा दिसेल?

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी संगमेश्वर तालुका सोयीचा आहे. रेल्वे, महामार्ग, बाजारपेठ आणि डोंगर यांच्यात फार अंतर नाही. देवरुख किंवा मारळच्या बाजूला मुक्काम धरला तर बेत असा आखता येतो.

पहिला दिवस : संगमेश्वरला उतरून कसबा गावातील कर्णेश्वर मंदिर पाहावे. शास्त्री आणि अलकनंदा नद्यांच्या संगमावरच्या या जुन्या दगडी मंदिराचे कोरीव छत मान वर करून निवांत पाहण्याजोगे आहे. १६८९मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना मोगलांनी पकडले ते याच संगमेश्वरात. तिथले स्मारकही पाहून संध्याकाळपर्यंत मुक्कामी पोहोचावे. प्रवासाच्या दिवशी चालणे ठेवू नये.

दुसरा दिवस : मार्लेश्वर. सह्याद्रीच्या कड्यातील गुहेत असलेल्या या शिवस्थानाकडे पाचशेहून अधिक पायऱ्या चढून जावे लागते. समोर धारेश्वर धबधबा कोसळतो. पायऱ्या बांधीव असल्याने वाट चुकण्याचा प्रश्न नाही, आणि दर पन्नास-साठ पायऱ्यांनंतर थांबत गेले तर ज्येष्ठांनाही जमते. मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी मार्लेश्वराचे लग्न लागते. तो सोहळा पाहायचा असेल तर गर्दीची तयारी ठेवावी. शांतता हवी असेल तर ते दोन-तीन दिवस आणि सोमवार टाळावेत.

तिसरा दिवस : शृंगारपूर. शिर्क्यांचे हे गाव म्हणजे महाराणी येसूबाईंचे माहेर. गावावर प्रचितगड उभा आहे. त्याची चढाई खडी आहे आणि ती या बेतात बसत नाही. पायथ्याच्या शेतांमधून, ओढ्याच्या कडेने तास-दीड तास फिरून कडा खालून पाहावा. डोंगर चढलाच पाहिजे असे नाही, हे एकदा मनाशी ठरवले की सुट्टी निवांत होते.

चौथा दिवस : साखरप्यावरून आंबा घाटाने वर जाऊन दरीचा देखावा पाहावा आणि परतीचा रस्ता धरावा. वेळ असेल तर आंबा गावाजवळचे मानोलीचे जलाशय पाहता येते. घाटरस्त्यावर वळणावर गाडी लावून छायाचित्रे काढू नयेत, मोकळी जागा पाहूनच थांबावे.

आणखी कोणते पर्याय आहेत?

खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ही गडांची तिकडी आहे. त्यातला रसाळगड कुटुंबासह जाण्याजोगा आहे. गाडी बरीच वर जाते, पुढची चढाई थोडी आहे आणि गडावर झोलाई देवीचे मंदिर, पाण्याची टाकी आणि जुन्या तोफा आहेत. सुमारगड मात्र अवघड आहे, तो अनुभवी ट्रेकरसाठी सोडावा. नावे एका दमात घेतली जातात म्हणून तिन्ही गड सारखे नाहीत.

चिपळूणला मुक्काम केला तर एक दिवस परशुराम मंदिरासाठी आणि एक दिवस कुंभार्ली घाटातून कोयनानगरसाठी ठेवता येतो. घाटाच्या पायथ्याशी पोफळीच्या परिसरात कोयनेचे जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी डोंगराच्या पोटातून खाली आणून वीज केली जाते आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. चिपळूणच्या नदीला उन्हाळ्यातही पाणी दिसते ते यामुळे.

लांजा तालुक्यातील माचाळ हा तिसरा पर्याय. विशाळगडासमोरच्या पठारावरचे हे गाव अलीकडे रस्ता होईपर्यंत पायवाटेनेच जगाशी जोडलेले होते. मुचकुंदी नदीचा उगम या परिसरात आहे. पठारावरचे चालणे बरेचसे सपाट असल्याने चढ नको असणाऱ्यांना ते सोपे जाते. वारा आणि थंडी मात्र जोरात असते. विशाळगड कोल्हापूर जिल्ह्यात येतो, तिथे जायचे असल्यास त्या वेळी प्रशासनाचे निर्बंध आहेत का, हे आधी पाहावे.

परवानगी आणि वाटाड्या कशासाठी?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असून ते सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरले आहे. कोयना आणि चांदोली ही दोन्ही जंगले २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आहेत. प्रचितगडासारख्या वाटा या राखीव जंगलात शिरतात. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकणे हा गुन्हा ठरतो. पायथ्याच्या गावापर्यंत फिरायला अशी परवानगी लागत नाही, पण हद्द कुठे सुरू होते ते गावकऱ्यांनाच ठाऊक असते.

म्हणून छोट्या वाटेलाही गावातला वाटाड्या घ्यावा. मोबाइलचा नकाशा गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा यांत फरक करत नाही, आणि दरीत शिरल्यावर अनेक ठिकाणी रेंजही जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, आणि कोणत्या वाटेने जाणार व किती वाजेपर्यंत परतणार हे मुक्कामाच्या घरी सांगून निघावे. वाटाड्याचे पैसे आदल्या दिवशी ठरवावेत आणि त्याच्या डब्याची सोयही आपल्याबरोबर करावी.

ज्येष्ठ आणि मुले सोबत असतील तर कोणती काळजी घ्यावी?

सवय नसेल तर निघण्याच्या महिनाभर आधी रोज अर्धा तास चालावे आणि आठवड्यातून दोन-तीनदा इमारतीचे जिने चढावेत. हृदयविकार, दमा, मधुमेह किंवा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून मगच बेत पक्का करावा. रोजची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत, कारण पायथ्याच्या गावात औषधाचे दुकान असेलच असे नाही.

चपला नकोत, तळव्याला पकड असलेले बूट हवेत. नवे बूट घालून थेट डोंगरात जाऊ नये, ते आधी घरी वापरून पाहावेत. उतरताना काठी दोन्ही गुडघ्यांचा भार हलका करते. माणशी किमान दीड लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, टोपी, बॅटरी आणि शिट्टी एवढे पुरेसे असते.

कोकणातल्या कातळावर आणि दगडांखाली फुरसे हा विषारी साप आढळतो. तो लहान आणि दगडाच्या रंगात मिसळणारा असल्याने चटकन दिसत नाही. न पाहता दगडावर हात ठेवू नये, कपारीत बोटे घालू नयेत आणि अंधारात बॅटरीशिवाय अंगणातही फिरू नये. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळणे असे काही न करता माणसाला शांत ठेवून, न चालवता प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, हे मुक्कामी पोहोचताच विचारून ठेवावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्या आसपास धूर, फटाके, उग्र अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

जायचे कसे आणि खर्च कुठे वाचतो?

कोकण रेल्वेवर खेड, चिपळूण, संगमेश्वर रोड आणि रत्नागिरी ही या सहलीसाठी उपयोगाची स्थानके आहेत. संगमेश्वर रोडला मोजक्याच गाड्या थांबतात, बाकीच्या वेळी चिपळूण किंवा रत्नागिरीला उतरावे. नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. म्हणून दिवाळीचा बेत गणपतीच्या आसपासच पक्का करावा लागतो.

एसटीत ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२पासून आणि महिलांना निम्म्या दरात २०२३पासून सवलतीचा प्रवास मिळतो. यातील ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. डोंगरातल्या अनेक गावांना वस्तीची एसटी असते. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते. तिची वेळ आगारात विचारून घेतली तर एका बाजूचे गाडीभाडे वाचते. परतीच्या दिवशी मात्र रेल्वेची वेळ आणि एसटीची वेळ यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे.

राहण्यासाठी महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाकडे नोंद असलेली न्याहारी-निवास केंद्रे आणि कृषी पर्यटन केंद्रे पाहावीत. खोली ठरवताना चार प्रश्न विचारावेत : पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, वीज गेल्यास सोय काय आणि जेवण घरीच मिळते का.

गावाला यातून काय मिळते?

२००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९वर आली. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, असे प्रमाण तेव्हा नोंदले गेले. कर्ते पुरुष मुंबईत आणि घर सांभाळणाऱ्या बाया व म्हातारी माणसे गावात, हे चित्र या आकड्यांत दिसते. डोंगराकडच्या वाड्यांत ते अधिक ठळक आहे. अनेक घरांना गणपती आणि शिमग्यापुरतीच जाग येते.

धबधब्यावर भिजून संध्याकाळी परतणारी गाडी गावात कचरा ठेवून जाते, पैसा फारसा ठेवत नाही. याउलट एखादे कुटुंब तीन रात्री राहिले तर जेवण घरातली बाई करते, वाट दाखवायला शेजारचा माणूस येतो, गाडी गावातल्या मुलाची असते, जाताना कोकम आणि नाचणीचे पीठ विकत घेतले जाते. हा पैसा वाडीतच फिरतो. गावात थांबू पाहणाऱ्या एखाद्या तरुणाला तो धीर देतो.

पाहुण्यांकडूनही थोड्याच अपेक्षा असतात. देवराईत पानही तोडू नये, विहिरीवर चपला घालून चढू नये, प्लास्टिक परत न्यावे, रात्री गाणी मोठ्याने लावू नयेत आणि घरातल्यांचे फोटो विचारून काढावेत. आणि ठरल्यापेक्षा एखादे ठिकाण पाहायचे राहिले तर राहू द्यावे, पुढच्या दिवाळीत यायला ते कारण पुरते.